केरबाचा खरारा

आमच्या हिंगणधार गावात एखाद्या पोरानं काही लपवलं, की त्याची आई त्याला मारत नाही आणि खोदून खोदून विचारतही नाही. ती एवढंच म्हणते, "जा, खराऱ्याला जाऊन ये." दोघा भावांचं बोलणं बंद झालं, की म्हातारी माणसंही हेच म्हणतात. गावात नवी आलेली सून पहिल्यांदा हे ऐकते तेव्हा बुचकळ्यात पडते. खरारा म्हणजे घोड्याच्या अंगावरची धूळ आणि मेलेले केस काढायची लोखंडी दात्यांची फणी, एवढं तिला ठाऊक असतं. पण भांडण नवऱ्याशी आणि घासायचं घोड्याला, हे तिला काही उमगत नाही. मग कुणीतरी तिला बसवून घेतं आणि केरबाची गोष्ट सांगतं. आज ती पाळी माझ्यावर आली आहे. मी काही गोड सांगणारा नाही, आणि गोष्टही गोड नाही. पण आला आहात तर बसा.

फार वर्षांपूर्वी, म्हणजे किती ते विचारू नका, विचारलं की आमच्याकडे प्रत्येक जण आपल्या पणजोबाचं नाव पुढे करतो, तेव्हा भीमेच्या या काठावर घरोघरी घोडी असायची. उंचीला बेताची, पण दिवसभर चालून संध्याकाळी पुन्हा कान टवकारून उभी राहणारी. त्या घोड्यांमध्ये सगुणाबाईंची काजळी सगळ्यांत देखणी होती. ढगासारखा तिचा रंग होता आणि डोळ्यांभोवती कुणी काजळ घातल्यासारखी काळी रेघ होती. ती पाण्यावरून चालली तर खूर ओला होत नसे, असं म्हणतात. मी एवढंच म्हणेन की ती चांगली घोडी होती.

सगुणाबाईंचे यजमान फौजेत होते, ते लवकर गेले. मागे एकच मुलगा राहिला, हैबती. आणि घोडी सांभाळायला केरबा होता. हैबतीला त्यानंच घोड्यावर बसायला शिकवलं, पडला तेव्हा त्यानंच उचललं. हैबतीच्या ओठांवर मिसरूड फुटली आणि फौज उत्तरेकडे निघाली, तेव्हा हैबतीही काजळीवर बसला आणि केरबा घोडीची देखभाल करायला बरोबर निघाला.

निघायच्या सकाळी सगुणाबाईंनी एक तांब्याचा चंबू आणला. पाण्यानं काठोकाठ भरला, तोंडाला फडकं बांधलं आणि खोगिराच्या कडीला स्वतःच्या हातांनी अडकवला. मग त्या केरबाला म्हणाल्या, "केरबा, लढाईतलं मला काही कळत नाही. पण ह्याला तहान फार लागते. लहानपणी झोपेतसुद्धा पाणी मागायचा. एवढं तुझ्याकडे."

केरबा म्हणाला, "आईसाहेब, चंबू कधी रिकामा व्हनार न्हाई."

हे वाक्य लक्षात ठेवा. केरबाला ते मरेपर्यंत विसरता आलं नाही.

वर्ष गेलं. पुढच्या चैत्रात, ऊन चांगलं तापलेलं असताना, उत्तरेच्या वाटेवर एक माणूस आणि एक घोडी दिसली. माणूस चालत होता. घोडी त्याच्या मागे सहा पावलांवर चालत होती. खोगीर रिकामं होतं, आणि कडीला चंबू तसाच लटकत होता. गाव वेशीवर गोळा झालं. मालक गेला, पण मालकाच्या घोडीवर हा गडी बसला नाही, एवढा मुलूख पायी चालत आला, हे पाहून लोकांचे डोळे भरून आले. कुणीतरी त्याच्या पायांवर पाणी घातलं.

केरबा सगुणाबाईंच्या दारात गेला आणि खाली बघत बोलला. "धाकलं मालक समोरनं वार झेलून पडलं, आईसाहेब. एका घावात गेलं. पानी मागायलासुदिक येळ घावला न्हाई."

सगुणाबाई उभ्या होत्या तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडून हुंदका निघणार तोच गावच्या बायकांनी त्यांना धरलं. "रडायचं नाही हं सगुणाबाई. समोरून वार घेतलाय त्यानं. वीराची आई रडली तर तिच्या डोळ्यांचं पाणी त्याच्या वाटेत आडवं येतं." तेव्हा गावात तशी समजूत होती. सगुणाबाईंनी हुंदका गिळला. पुढे वेशीपाशी हैबतीचा वीरगळ उभा राहिला, दगडात घोडा आणि घोड्यावर तलवार उगारलेला स्वार. सणावाराला गाव त्याला शेंदूर लावायचं आणि मग सगुणाबाईंच्या पाया पडायचं. त्या मान ताठ ठेवून आशीर्वाद द्यायच्या. सगळे म्हणायचे, काय धीराची बाई आहे.

काजळीला मात्र त्या दिवसापासून काय झालं ते कुणालाच कळेना. ती अंगाला हात लावू देईना. दाणा खायची, पाणी प्यायची, पण माणूस जवळ आला की मागे सरायची. खोगीर उतरवायला चार गडी लागले. खरारा तर लांबच राहिला. तिच्या अंगावर चिखल वाळला, आयाळीत गोखरू अडकले, काजळाची रेघ धुळीत दिसेनाशी झाली. केरबा खरारा हातात घेऊन रोज सकाळी तिच्यापासून सहा पावलांवर उभा राहायचा. ती मान वळवायची. मग तो खरारा खुंटीला अडकवून निमूटपणे तिची लीद गोळा करायचा.

त्या लिदीसाठी धुरपा कुंभारीण यायची. घोड्याची लीद मातीत मळली की मडकं तडकत नाही. धुरपाची सात वर्षांची मुलगी आदल्या पावसाळ्यात नदीत बुडाली होती. धुरपा त्यानंतर कुणाशी धड बोलत नसे. घरचे म्हणायचे, जाऊ दे, देवाची इच्छा होती. ती मान हलवायची, पाटी भरायची आणि जायची.

एक दिवस तिची पाटी भरली तरी ती उठेना. तिथेच घोडीच्या ठाणावर, शेणालिदीत बसून राहिली. आणि मग, जणू समोर जाऊबाई बसली आहे अशा आवाजात काजळीला म्हणाली, "म्याच तिला नदीवर धाडलं गं. गाडगं फोडलं म्हनून रागानं धाडलं. नदी चढलीया हे मला दिसत हुतं."

एवढं बोलून ती रडायला लागली. आणि काजळी, जी वर्षभर कुणाच्या जवळ गेली नव्हती, ती चार पावलं चालत आली आणि तिनं आपलं तोंड धुरपाच्या खांद्यावर ठेवलं.

केरबा दारात उभा राहून बघत होता. त्यानं खुंटीचा खरारा काढला आणि धुरपाच्या हातात दिला. धुरपानं त्या दिवशी घोडीची एक बाजू स्वच्छ केली. ती रडत होती आणि हात चालवत होती, आणि घोडी श्वास सोडत उभी होती. पोरगी काही परत आली नाही. पण त्या संध्याकाळी धुरपा घरी जाऊन पोटभर जेवली आणि नवऱ्याला सगळं सांगितलं, असं म्हणतात.

मग दुसरं कुणी आलं, तिसरं आलं. पंचक्रोशीतून माणसं यायला लागली. केरबा कुणाला काही विचारायचा नाही. खरारा हातात द्यायचा आणि बाहेर जाऊन पाठ करून बसायचा. आत ज्याचं त्यानं बघायचं. कुणी हसतमुखानं, गूळ-खोबरं घेऊन, "काय म्हणतेस काजळीबाई" करत जायचं, आणि घोडी त्याला गोठाभर फिरवून हात हलवत बाहेर पाठवायची. कुणी थरथरत जायचं आणि "मला लई भ्या वाटतंय" म्हणून मोकळं व्हायचं, आणि घोडी त्याच्यापाशी मान खाली घालून उभी राहायची.

लोकांनी काय समजावं? लोकांनी समजायचं तेच समजलं. घोडी खरं-खोटं ओळखते! झालं, गावच्या पाटलांच्या डोक्यात आलं की हिच्यापुढे चोर उभे करावेत. पाटलांच्या मळ्यातली मोट चोरीला गेली होती. ते एका गरीब गड्याला बखोट धरून घेऊन आले. भीतीनं त्या गड्याचे दात वाजत होते.

केरबा आडवा आला. "पाटील, ही कचेरी न्हाई. चोर कोन आन साव कोन हे तिला कळत न्हाई. जनावराला सबूद कळत न्हाईत, त्याला मानसाचा श्वास कळतो. गवतात दबल्याला वाघ वरनं गप आन आतनं ताठ असतो. मानूस आत एक आन भाईर एक असला की तिला तसाच दिसतो. म्हनून ती मागं सरती. बाकी काय न्हाई."

पाटलांना एवढं ऐकून घ्यायची सवय नव्हती. त्यांनी गड्याला पुढे ढकललं. गडी रडकुंडीला येऊन म्हणाला, "आई, मला मारतील गं हे." काजळीनं त्याला हुंगलं आणि त्याच्या बाजूला उभी राहिली. मग पाटील स्वतः पुढे झाले, मिशीवर पीळ देत. घोडी त्यांच्याकडे पाठ करून अशी उभी राहिली, की लोकांना उपरण्याआड हसावं लागलं. मोट पुढे त्यांच्याच विहिरीच्या तळाशी सापडली. त्यानंतर महिन्याभरानं, भर दुपारी, गाव जेवायला बसलेलं असताना पाटील एकटेच ठाणावर गेले. आत काय बोलले ते काजळीलाच माहीत. पण तिथून ते तडक धाकट्या भावाच्या घरी गेले आणि नऊ वर्षांनी त्याच्या ताटात जेवले.

असं एक तप गेलं. शेकडो हातांनी त्या घोडीला खरारा केला. ज्याला त्याला आपल्या दुःखाएवढा वेळ लागायचा. काजळी म्हातारी झाली, तिच्या कपाळावर पांढरे केस आले, पण अंग असं लखलखायचं की नदीपलीकडून दिसायचं, असं म्हणतात.

फक्त दोन माणसांना तिनं कधी हात लावू दिला नाही.

एक केरबा. त्याच्या बाबतीत गावानं स्वतःच अर्थ लावून टाकला होता. केवढा निष्ठावान माणूस, मालकाच्या मागे मालकाच्या घोडीला स्पर्शसुद्धा करत नाही! बाया-बापड्या त्याच्या पाया पडायला लागल्या. कुणी वाकलं की केरबा अंग चोरायचा, घाम फुटायचा त्याला. लोक म्हणायचे, बघा, किती विनयशील. आमच्या गावानं आयुष्यात केलेली ही सगळ्यांत मोठी चूक. चांगुलपणा बघायची एवढी घाई होती आम्हाला, की समोर माणूस जळत होता ते दिसलं नाही.

आणि दुसऱ्या सगुणाबाई. त्या रोज सकाळी भिजवलेले हरभरे घेऊन यायच्या. ओंजळ पुढे करायच्या. काजळी मागे सरायची. मग त्या हरभरे पाटीत ओतायच्या आणि दूर जाऊन उभ्या राहायच्या, तेव्हा कुठे ती खायची. बारा वर्षं, एक दिवस न चुकता. पहिली काही वर्षं त्यांना वाटलं, घोडी हैबतीच्या आठवणीनं रुसली आहे. मग त्यांनी पाहिलं की सगळ्या गावाला ती जवळ करते. कुणी लबाड, कुणी भांडखोर, कुणी सवतीला छळलेलं, सगळ्यांना. आणि मग त्यांच्या मनात दुसरंच भरलं.

एक दिवस त्यांनी केरबाला विचारलं. "केरबा, माझ्यात काय खोट आहे रे?"

केरबा खाली वाकून वैरण पसरायला लागला.

"मी रात्रंदिवस आठवून बघते," त्या म्हणाल्या. "कुणाचं वाईट केलं का, कुणाला फसवलं का. काही सापडत नाही. पण घोडी खोटं सांगत नाही. माझ्यातच काहीतरी सडकं असणार, म्हणून देवानं माझा मुलगा नेला." त्या दिवसापासून सगुणाबाईंनी एक वेळचं जेवण सोडलं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या वेळचंही निम्म्यावर आणलं. त्या काठीसारख्या झाल्या. मान मात्र ताठच.

केरबा रोज त्यांना वाळताना बघत होता. खोट कुठे होती हे जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं. रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगतो. आणि त्यांच्या दारात गेला की म्हणायचा, "आईसाहेब, दोन घास खावा." केरबावर रागवावं असं मला लहानपणी फार वाटायचं. आता वय झालं. आता वाटतं, त्याच्या जागी मी असतो तर मीही दोन घास खावा एवढंच म्हणालो असतो.

मग तो चैत्र आला. काजळी एका सकाळी आडवी झाली ती उठेना. म्हातारी घोडी एकदा आडवी पडून राहिली की आतडं पिळतं, श्वास कोंडतो, आणि ती जाते. तिला चोळून, हात लावून उठवावं लागतं. गाव धावून आलं. धुरपा आली, पाटील आले. ज्यांना ज्यांना तिनं जवळ केलं होतं ते सगळे तिच्या अंगावर हात फिरवत होते, तिला हाका मारत होते. ती डोळे उघडायची आणि उत्तरेकडे बघायची. पाण्याची बादली पुढे केली तर तोंड फिरवायची. दुपार झाली, ऊन कलायला लागलं, तरी घोडीच्या पोटात थेंब गेला नव्हता.

तेवढ्यात सगुणाबाई आल्या. त्यांच्या हातात तोच तांब्याचा चंबू होता. बारा वर्षं त्यांनी तो देवापाशी ठेवला होता. तो भरून आणून त्या म्हणाल्या, "बाजूला व्हा. हैबतीच्या चंबूनं पाजते. त्याचा म्हणून तरी पिईल." त्या वाकल्या. काजळीनं उरलीसुरली ताकद लावून मान मागे घेतली.

सगुणाबाईंचा हात तसाच राहिला. त्या केरबाकडे वळल्या. "तू हात लाव केरबा. तुझी पुण्याई मोठी आहे. माझ्या हातून ती मरतानासुद्धा पाणी घेत नाही."

केरबानं त्या चंबूकडे पाहिलं. मग तो जागच्या जागी, जमलेल्या सगळ्या गावासमोर, गुडघ्यांवर बसला.

"आईसाहेब, खोट तुमच्यात न्हाई. माझ्यात हाय. म्या खोटं बोललो. त्यो एका घावात गेला न्हाई."

केरबा तसाच पुढे बोलत राहिला.

"मांडीत भाला बसला आन त्यो खाली पडला. जित्ता हुता. आपली फौज पळत हुती, मागनं त्यांचं घोडेस्वार येत हुतं, निस्ता धुरळा दिसत हुता. म्या त्याला उचलायला वाकलो. आन त्या धुरळ्याकडं बघितलं. आन..."

"आणि काय?"

"आन काजळीवर बसलो."

काजळीचे कान हलले.

"त्यो वरडत हुता, आईसाहेब. 'केरबा, पाणी.' तीनदा वरडला. ही तीनदा मागं फिरली. म्या तिला तीनदा चाबूक मारला. नदीपतुर आनली, आन तिथं तिनं मला पाडलं. तवापासनं तिनं अंगाला हात लावू दिला न्हाई. गाव म्हनलं, मालकाच्या घोडीवर बसला न्हाई. ती बसू देत नव्हती."

सगुणाबाईंनी हातातल्या चंबूकडे पाहिलं. त्यांनी विचारलं, "आणि हा?"

"खोगिराला हुता."

"रिकामा होता?"

 केरबानं जमिनीला कपाळ टेकलं. तिथूनच तो म्हणाला, "भरल्याला हुता, आईसाहेब."

सगुणाबाई खाली बसल्या. आणि बारा वर्षांपूर्वी त्यांनी जो हुंदका गिळला होता, तो बाहेर आला. असं रडणं गावानं ऐकलं नव्हतं. झाडांवरची पाखरं उडाली आणि भीमेचं पाणी क्षणभर वाहायचं थांबलं, असं म्हणतात. नदीचं मला माहीत नाही. पण बायका नेहमीप्रमाणे पुढे धावल्या, "रडू नका सगुणाबाई, वीराची आई तुम्ही," असं म्हणायला लागल्या. सगुणाबाईंनी त्यांचे हात झिडकारले.

"वीर कसला गं," त्या म्हणाल्या, "तहानलेला होता माझा मुलगा."

आणि त्या वेळी मागे खुरांचा आवाज झाला. काजळी उठली होती. तिचे चारी पाय कापत होते, पण ती उठली होती. ती सगुणाबाईंपाशी आली आणि त्यांच्या मांडीवर तोंड ठेवून उभी राहिली. सगुणाबाईंनी तिच्या गळ्याला मिठी मारली. किती तरी वेळ त्या दोघी तशाच होत्या. मग सगुणाबाईंनी ओंजळीत पाणी घेतलं, आणि घोडी ते प्यायली.

केरबा अजून जमिनीवरच होता. काजळी त्याच्याकडे गेली, त्याच्या पाठीला तोंड लावलं आणि तिथेच थांबली. धुरपानं खुंटीचा खरारा काढून त्याच्या हातात दिला, त्यानं एकदा तिच्या हातात दिला होता तसा. केरबानं बारा वर्षांनी काजळीच्या अंगावर हात ठेवला. दिवस मावळेपर्यंत तो खरारा करत होता आणि गाव उभं राहून बघत होतं.

तुम्हाला वाटेल, मग सगुणाबाईंनी त्याला माफ केलं. नाही केलं. मला विचारलं तर करूही नये. दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्यांच्या दारात गेला, तेव्हा त्या म्हणाल्या, "केरबा, तू मला माझा मुलगा बारा वर्षं उशिरा आणून दिलास. तुझं तोंड मला आता बघवणार नाही." मग त्या आत गेल्या, चंबू काठोकाठ भरून आणला, तोंडाला फडकं बांधलं आणि त्याच्या हातात दिला. "हा त्याला नेऊन पाज."

केरबानं चंबू कपाळाला लावला. तो उत्तरेच्या वाटेला लागला, तेव्हा दावं कुणी सोडलं नव्हतं, तरी काजळी त्याच्या बरोबरीनं चालत होती. सहा पावलं मागे नाही, खांद्याला खांदा लावून. चालताना तिचं तोंड त्याच्या हाताला लागत होतं. गावानं त्यांना शेवटचं पाहिलं ते तेवढंच.

केरबा परत आला नाही, काजळीही नाही. पुष्कळ वर्षांनी उत्तरेकडून एक गोसावी आला. त्यानं सांगितलं, तिकडे एका कोरड्या माळावर गुडघाभर खोल झरा आहे. पूर्वी तिथे काही नव्हतं. एक म्हातारा आणि एक म्हातारी घोडी तिथे आली, म्हाताऱ्यानं चंबू उपडा केला आणि मातीला हात लावून, "घ्या धाकलं मालक, उशीर झाला," असं म्हणाला. चंबूतलं पाणी संपेचना. ते वाहत राहिलं आणि त्याचा झरा झाला. झऱ्याच्या काठावर दगडात चार खुरं उमटली आहेत, असं म्हणतात. गोसावी म्हणजे गोष्टीत मीठमसाला घालणारच. पण सगुणाबाईंनी त्याला तीन वेळा तेच सांगायला लावलं, आणि तिन्ही वेळा त्या रडल्या, आणि मग त्याला पोटभर जेवू घातलं.

त्या पुढे पुष्कळ जगल्या. रडू आलं की रडायच्या, कुणाची भीडभाड न ठेवता. त्यांनीच पाथरवटाला बोलावून वीरगळावर एक गोष्ट नव्यानं कोरून घेतली. लोक म्हणाले, स्वार पुसून टाका आता. त्या म्हणाल्या, "राहू दे. लढायला गेला होता हे खरंच आहे." पण घोड्याच्या पायांखाली, खोगिरापासून लांब, त्यांनी एक चंबू कोरायला लावला. तो अजून आहे. शेंदराखाली बोट फिरवलं तर लागतो.

तेव्हापासून आमच्या गावात काही गोष्टी चालत आल्या आहेत. दारात कुणी आलं की आधी पाणी द्यायचं, मग काय ते विचारायचं. घरात कुणी गेलं तर मागे राहिलेल्या माणसाला 'रडू नको' म्हणायचं नाही. बाहेरगावचे पाहुणे तसं म्हणायला लागले, की आमच्या बायका त्यांना हळूच बाजूला घेतात. आणि गावाच्या नावानं एक घोडी कायम ठाणावर असते. आताची आहे ती लग्नसराईत वराती मिरवते, पण चैत्र लागला की तिचं सगळं जरतार उतरवतात. मग ज्याच्या मनात काही साठलं असेल त्यानं जावं. खरारा खुंटीला असतो. ऐकायला कुणी थांबत नाही. आमची म्हातारी माणसं म्हणतात, खरारा या शब्दाच्या पोटात खरं आहे म्हणून त्याला खरारा म्हणतात. शिकलेले लोक हसतात याला. हसू देत. मीही एकदा गेलो होतो, बायको गेली त्या वर्षी. घोडीनं मला तीन दिवस फिरवलं. चौथ्या दिवशी मी जे बोललो ते तिलाच ठाऊक.

आणि चैत्रात केरबा खरं बोलला त्या दिवशी, ऊन कललं की, सगळं गाव चंबू भरून वेशीवर जमतं. वीरगळापाशी कुणीतरी एक जण उभं राहून उत्तरेकडे तोंड करतं आणि हाक देतं, "केरबा, पाणी." हाक कुणीही द्यावी. पण कुणी बोलत नाही. दुसऱ्यांदा हाक येते, तरी कुणी बोलत नाही. लहान पोरं आईच्या पदराला धरून उभी असतात. मग तिसरी हाक येते, आणि तेव्हा म्हातारे, पोरं, पाटलांचे वंशज आणि कुंभारांचे वंशज, सगळं गाव एका आवाजात ओरडतं, "आलो, हैबती, आलो," आणि चंबू घेऊन उत्तरेच्या वाटेनं धावत सुटतं.